काळ खरा आहे काय?

काळ म्हणून काही आहे काय, असे कोणी विचारिले तर प्रथम हसू येते. पेरणीचा काळ चुकला म्हणजे काय होते, हे शेतकऱ्यास शिकवावयास नको. तथापि थोर विचारवंतांनी हा प्रश्न केला आहे. म्हणून त्यांचे म्हणणे ऐकून घ्यावे.

१. उत्तर आफ्रिकेतील हिप्पो येथील बिशप ऑगस्टीन (३५४–४३०) ह्यांनी 'कन्फेशन्स' ग्रंथाच्या ११ व्या भागात असा विचार मांडिला आहे: भूतकाळ आता नाही, भविष्यकाळ अजून नाही, आणि वर्तमानाचे वर्ष, दिवस, तास असे तुकडे करीत गेल्यास शेवटी उरलेल्या क्षणास लांबीच नाही. मग आपण मोजतो काय? ते म्हणतात, आपण मनात मोजतो: गेलेले स्मरणाने, चाललेले अवधानाने, येणारे अपेक्षेने. पाठ असलेले स्तोत्र म्हणताना त्याच्या ओळी अपेक्षेतून निघून स्मरणात जातात. तथापि काळ मिथ्या आहे असे ते म्हणत नाहीत. देवाने जगासह काळही उत्पन्न केला, असे ते शिकवितात.

२. केंब्रिज येथील मॅक्टॅगार्ट ह्यांनी १९०८ साली मात्र काळ मिथ्याच आहे असे प्रतिपादिले. भूत, वर्तमान व भविष्य हे परस्परविरुद्ध गुण. तरी प्रत्येक गोष्टीस तिन्ही लागतात. कोणी म्हणेल, "एकदम नव्हे, क्रमाने लागतात." ते उत्तर देतात, "क्रमाने" म्हणताच तुम्ही काळ गृहीत धरिला.

ह्यावर प्रत्युत्तर असे: काळ हा भास मानिला, तरी तो भास आपणास एकामागून एक होतो. हे "एकामागून एक" म्हणजे काळच नव्हे काय? ज्यास नाकारावयाचे, तोच पुन्हा दारी उभा राहतो.

हा केवळ पंडितांचा वाद नव्हे. काल व आज ह्यांत भेद नसेल, तर काल दिलेले वचन आज पाळणे, झालेल्या अपराधाचा पश्चात्ताप करणे व उद्याची आशा धरणे, ही तिन्ही निरर्थक होतील. क्षण हाती धरिता येत नाही, हे खरे. परंतु धरिता येत नाही म्हणून तो नाही, असे ठरत नाही. वाराही मुठीत राहत नाही, तरी त्याने धान्य उफणले जाते.

प्रश्न: (१) ऑगस्टीन ह्यांच्या मते आपण काळ कोठे मोजतो? (२) काळ मिथ्या मानिल्यास वचनाचे काय होईल?