दहा नावांची यादी

१९३५ सालच्या मे महिन्यातील ११ तारीख. अमेरिकेतील ओहायो राज्यात ॲक्रन नावाचे शहर आहे. रबरी टायरांच्या कारखान्यांमुळे त्या काळी ते सर्वत्र ठाऊक होते. तेथील मेफ्लॉवर हॉटेलच्या दालनात एक उंच, सडपातळ गृहस्थ येरझारा घालीत होते. त्यांचे नाव बिल विल्सन.

विल्सन न्यूयॉर्कचे. शेअरबाजारात त्यांनी पुष्कळ पैसा मिळवला होता. पण दारूच्या व्यसनापायी पैसा, नोकरी आणि अब्रू ही सर्व गमावली होती. रुग्णालयात उपचार झाल्यावर, डिसेंबर १९३४ पासून ते दारूला शिवले नव्हते. एका कंपनीच्या कारभाराविषयी वाद चालू होता, त्या कामासाठी ते ॲक्रनला आले. परंतु डाव फसला. सहकारी परत गेले. खिशात जेमतेम दहा डॉलर उरले होते. दालनाच्या एका टोकाला मद्यगृह होते. तेथून हसण्याखिदळण्याचा आवाज येत होता. निराश झालेल्या मनाला तो आवाज गोड वाटू लागला. एक पेला घेतला तर काय बिघडणार आहे, हा विचार मनात आला मात्र, विल्सन घाबरले. तो पहिला पेला कोठे नेतो हे त्यांना पुरते माहीत होते.

दालनाच्या दुसऱ्या टोकाला दूरध्वनी होता आणि त्याच्याजवळ गावातील चर्चची यादी लावलेली होती. विल्सन तिकडे वळले.

यामागे एक कारण होते. गेले पाच महिने ते इतर व्यसनी माणसांना उपदेश करीत हिंडत होते. एकही मनुष्य सुधारला नाही; मात्र त्या खटपटीत विल्सन स्वतः दारूपासून दूर राहिले होते. आता त्यांना कळून चुकले, की आपल्याला वाचवू शकेल असा मनुष्य म्हणजे आपल्यासारखाच दुसरा एखादा व्यसनी. पण परक्या गावात तो शोधावा कसा?

त्यांनी वॉल्टर टंक्स या धर्मोपदेशकांना दूरध्वनी केला व आपली अडचण न लपवता सांगितली. टंक्स यांनी दहा नावे दिली. विल्सन एकेक नाव घेत गेले. कोणी घरी नव्हते, कोणाला सवड नव्हती. अखेर त्या धाग्याने ते हेन्रिएटा सायबरलिंग या बाईंपर्यंत पोहोचले. बाईंना व्यसन नव्हते. पण डॉक्टर रॉबर्ट स्मिथ हे त्यांच्या परिचयातील शल्यविशारद दारूने खंगत चालले होते, आणि त्यांच्यासाठी काय करावे या चिंतेत बाई होत्या. त्यांनी लगेच त्यांच्या घरी दूरध्वनी केला. डॉक्टर मात्र त्या दिवशी कोणाला भेटण्याच्या स्थितीत नव्हते.

दुसऱ्या दिवशी, रविवारी सायंकाळी पाच वाजता, डॉक्टर पत्नीसह आले. पंधरा मिनिटांहून अधिक थांबणार नाही, असे त्यांनी घरून निघतानाच बजावले होते. उठले तेव्हा रात्रीचे अकरा वाजून गेले होते! विल्सन यांनी त्यांना उपदेश केलाच नाही. न्यूयॉर्कच्या रुग्णालयातील डॉक्टर सिल्कवर्थ यांनी त्यांना तसे सुचवले होते. त्यांनी फक्त स्वतःची हकीकत सांगितली. डॉक्टर स्मिथ यांनी दारूवरील पुस्तके वाचली होती, पुष्कळांचा उपदेशही ऐकला होता. पण स्वतः त्यातून गेलेला मनुष्य त्यांना प्रथमच भेटत होता.

यानंतर सारे सुरळीत झाले असे नाही. वैद्यकीय परिषदेला गेले असता डॉक्टर पुन्हा प्याले. १० जून १९३५ रोजी त्यांना शस्त्रक्रिया करायची होती आणि हात थरथरत होते. हात स्थिर व्हावा म्हणून विल्सन यांनीच त्यांना बिअरची एक बाटली दिली. शस्त्रक्रिया आटोपली, तरी डॉक्टर बराच वेळ घरी आले नाहीत. घरची मंडळी काळजीत पडली. ज्यांना ज्यांना आपण दुखावले, त्यांच्या दारी जाऊन ते क्षमा मागत होते. ती बाटली शेवटची ठरली.

पुढे दोघांनी रुग्णालयात एक वकील शोधला. दारूच्या भरात त्याने परिचारिकांना मारले होते, म्हणून त्याला पलंगाला बांधून ठेवले होते. तोही सुधारला. अशा रीतीने ‘अल्कोहोलिक्स अनॉनिमस’, म्हणजे अनामिक मद्यपींची संघटना, उभी राहिली. १९३९ साली तिचे त्याच नावाचे पुस्तक निघाले.

भारतात या सभा १९५७ पासून भरतात. सभेसाठी मोठी इमारत लागत नाही. चर्चची खोली किंवा शाळेचा रिकामा वर्गही पुरतो. येणाऱ्याला आडनाव विचारत नाहीत, वर्गणी सक्तीची नसते. दारू सोडण्याची इच्छा एवढीच अट असते. आजही नवखा मनुष्य दूरध्वनीने विचारू शकतो: जवळची सभा कोठे, किती वाजता?

मद्यपी मनुष्याच्या घरच्यांनाही फार सोसावे लागते. त्यांच्यासाठी १९५१ साली ‘अल-अनॉन’ ही वेगळी संघटना निघाली. १९५७ साली कॅलिफोर्नियातील एका सतरा वर्षांच्या मुलाने, ज्याचे वडील मद्यपी होते, आपल्या वयाच्या मुलांची सभा सुरू केली. तिला ‘अलाटीन’ म्हणतात. वडील पितात यात मुलाचा दोष नसतो, आणि त्यांची दारू सोडवणे हे मुलाचे काम नसते, हे तेथे मुलांना मुलांकडूनच कळते. सोबतीला मोठी माणसे बसतात; बोलतात मात्र मुलेच.