जुन्या जीपचें एंजिन व गिअरबॉक्स

नांदेड व लातूर ह्या जिल्ह्यांतील कित्येक जुन्या वाड्यांत व शेतमळ्यांत, गोठ्याशेजारीं एखादी जीप धूळ खात उभी असलेली दिसते. आजोबांनीं ती घेतलेली, वडिलांनीं तींतून बियाणें व आजारी माणसें वाहिलेलीं. आतां नातवंडांस ती पुन्हां रस्त्यावर यावी असें वाटतें. अशा वेळीं घरांत पहिला प्रश्न निघतो तो हा, कीं हिला एंजिन कोणतें बसवावें? आमच्या मतें हा प्रश्न दुसरा आहे. ह्या गाडीकडून आपणांस काम कोणतें घ्यावयाचें आहे, हा पहिला होय. त्याचें उत्तर ठरलें म्हणजे एंजिन व गिअरबॉक्स हीं जोडीनें निवडतां येतात. बैलजोडींतील एक बैल थोराड व दुसरा अगदीं खोंड असेल, तर नांगराचा तास सरळ जात नाहीं. येथेंही तसेंच आहे.

प्रथम ह्या वाहनाची पूर्वपीठिका पाहूं. १९४५ सालीं स्थापन झालेल्या मुंबईच्या महिंद्र कंपनीनें १९४७ पासून विलिस जीपची जोडणी आपल्या देशांत सुरू केली. पुढें ज्या जीप खेडोपाडीं पोंचल्या, त्यांपैकीं पुष्कळांत सुमारे २.२ लिटरचें, चार सिलिंडरांचें 'हरिकेन' नांवाचें पेट्रोल-एंजिन असे. त्यास तीन गिअरांची पेटी, व तिच्या मागें चारही चाकांस गति देणारी दुसरी एक दुपदरी पेटी जोडलेली असे. पेट्रोल महाग व डिझेल स्वस्त, म्हणून लोक अशा गाड्यांत डिझेल-एंजिनें बसवूं लागले. कंपनीनेंही प्रथम आपल्या ट्रॅक्टराच्या जातीचें, आणि नंतर प्यूजो पद्धतीचें २११२ घनसेंटिमीटरचें डिझेल-एंजिन जीपला दिलें. यामुळें आज मिस्त्रीपुढें तीन वाटा असतात: मूळचें पेट्रोल-एंजिन दुरुस्त करणें, ट्रॅक्टरजातीचें संथ डिझेल घालणें, अथवा जलद फिरणारें डिझेल घालणें.

यांतील बरी वाट कोणती? विद्यार्थिमित्रहो, येथें मतापेक्षां गणित अधिक उपयोगी पडेल. जुन्या जीपच्या आंसाचें प्रमाण बहुधा ५.३८ असतें, म्हणजे तिसऱ्या गिअरांत एंजिन ५.३८ वेळां फिरलें कीं चाक एकदां फिरतें. चाकाचा परीघ सुमारे सव्वादोन मीटर धरा. पेट्रोल-एंजिन मिनिटास ४००० फेरे घेईल तर चाक सुमारे ७४३ फेरे घेईल, आणि वेग ताशीं सुमारे १०० किलोमीटर येईल. ही त्या एंजिनाची कमाल मर्यादा झाली. नित्य चालवण्याचा वेग अर्थातच पुष्कळ कमी ठेवावा लागतो. आतां त्याच गाडींत, मिनिटास २००० फेऱ्यांपुरतेंच नेमलेलें संथ डिझेल बसवा. वेग निम्मा, म्हणजे ताशीं ५० किलोमीटरच होईल. एंजिन निर्दोष असूनही नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूरमार्गें लातूरला जातांना तें सारा वेळ आपल्या शेवटच्या मर्यादेवर ओरडत राहील. ह्यास उपाय एंजिनांत नसून आंसाचे दांते किंवा गिअरबॉक्स बदलण्यांत आहे, आणि त्याचा खर्च आरंभींच धरला पाहिजे.

उलट बाजूही पाहा. पहिल्या गिअराचें प्रमाण सुमारे २.८ व दुपदरी पेटीच्या मंद पायरीचें सुमारे २.४६. ह्यांस ५.३८ नें गुणिलें असतां सुमारे ३७ येतात. एंजिनाचे ३७ फेरे झाले म्हणजे चाक एकदां फिरतें, आणि घर्षणांत जाणारा भाग सोडल्यास जोर तितक्याच पटीनें वाढतो. पावसाळ्यांत काळ्या मातीच्या चिखलांत रुतलेली जीप बाहेर येते, ती ह्या दांत्यांच्या बळावर. शेतीच्या कामासाठीं मोठ्या एंजिनाचा हट्ट धरण्याचें कारण नाहीं, तें ह्यामुळेंच.

मोठें एंजिन घातल्यानें आणखी एक संकट ओढवतें. क्लच, गिअरबॉक्स, आंस, स्प्रिंगा, रेडिएटर व ब्रेक ही एक सांखळी आहे. एका कडींत जोर वाढला कीं तो सर्वांत अशक्त कडीवर जाऊन पडतो. जड डिझेलानें पुढील स्प्रिंगा दबतात. त्याच्या कंपनानें चासीच्या जोडांस तडे जातात. मराठवाड्याच्या उन्हाळ्यांत लहान रेडिएटर उकळूं लागतो. सर्वांत भयंकर गोष्ट ही, कीं गाडी अधिक धांवूं लागते आणि थांबवणारे ब्रेक मात्र जुनेच राहतात. ब्रेक सुधारल्यावांचून एंजिनाचा जोर वाढवूं नये, असें आमचें पालकांस आग्रहाचें सांगणें आहे.

कायद्याकडेही दुर्लक्ष करून चालणार नाहीं. २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणें पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी व मूळ स्वरूपांत राखलेली गाडी 'विंटेज' म्हणून नोंदतां येते. परंतु एंजिनांत वा चासींत मोठा फेरफार केल्यास तो मान गमावतो, आणि तशी गाडी नित्याच्या वापरास चालत नाहीं. इतर गाड्यांच्या बाबतींत, नोंदणीपत्रांत एंजिनाचा क्रमांक लिहिलेला असल्यामुळें, बदल करण्याआधीं आपल्या परिवहन कार्यालयाची लेखी संमति घ्यावी.

म्हणून क्रम असा ठेवावा. गाडी आठवण म्हणून जपावयाची असेल तर मूळचेंच एंजिन व मूळचीच पेटी ठेवावी. सिलिंडरांचा दाब मोजावा, ठोकळ्यास तडा आहे कीं काय तें पाहावें; ठोकळा शाबूत असल्यास बोअर करून नवे पिस्टन घालतां येतात. हल्लींच्या पेट्रोलांत इथेनॉल असतें, तेव्हां जुन्या रबरी नळ्या अवश्य बदलाव्या. शेतावरच काम असेल तर संथ डिझेल व मूळचे दांते हीं एकमेकांस शोभतात. दूरच्या प्रवासास न्यावयाची असेल तर जलद डिझेल, त्याच्याच जोडीची चार गिअरांची पेटी व चांगले ब्रेक हीं सर्व एकदम घ्यावीं. त्यांपैकीं एकच घेऊन थांबूं नये. काढलेलें जुनें एंजिन भंगारांत न विकतां ग्रीस लावून, गुंडाळून ठेवावें. पुढील पिढीस कदाचित् तेंच हवें होईल.

अभ्यासासाठीं एक उदाहरण देतों: आंसाचें प्रमाण ५.३८ ऐवजीं ४.८८ केल्यास वरील संथ डिझेलावर जीप ताशीं किती वेगानें जाईल? वहींत करून पाहा, आणि मग तेंच उत्तर घरच्या वडील मंडळींस व मिस्त्रीस दाखवा. एंजिन विकत आणण्यापूर्वीं घटकाभर केलेलें हें गणित घरचे पुष्कळ पैसे व एखादे वेळीं घरचीं माणसेंही वांचवील.