टर्बो बसला, आता आयडल व्हॉल्व्हची नळी कुठे?

अगं, टर्बो बसवलास, इंटरकूलर बसवलास, आणि आता या एका नळीपाशी येऊन रडकुंडीला आलीस? बस जरा. तुझ्या जुन्या ई-३० बीएमडब्ल्यू ३२५आयचं हे काम तुला नक्की जमणार आहे.

बघ, आयडलला थ्रॉटल जवळजवळ बंद असतो. इंजिनाला लागणारी हवा त्याला वळसा घालून बॉशच्या या व्हॉल्व्हमधून मॅनिफोल्डात जाते. किती सोडायची ते ईसीयू ठरवतो. मूळ गाडीत मॅनिफोल्ड हवा फक्त ओढतो. तुझ्या गाडीत बूस्ट आला की तोच ती बाहेर ढकलायला लागतो. सगळी गोम इथेच आहे.

म्हणून व्हॉल्व्हला हवा देणारी नळी टर्बोच्या आधी जोडू नकोस. दाबलेली हवा उलटी फिरून परत टर्बोच्या तोंडाशी जाईल आणि बूस्ट गळत राहील. वन-वे व्हॉल्व्ह टाकून ते थांबवता येतं, पण ब्रेक बूस्टरच्या नळीतला बारका व्हॉल्व्ह तिथे लावू नकोस, थंड इंजिनाला हवा कमी पडेल. आणि छोटा फिल्टर लावून तोंड मोकळं सोडायचं तर अजिबात नाही. एअर फ्लो मीटरने न मोजलेली हवा आत गेली की आयडल डोलायला लागतो.

खरं सांगू का, योग्य जागा एकच: इंटरकूलरनंतर, थ्रॉटलच्या आधी. तिथली हवा मीटरमधून मोजून आलेली असते, आणि फुल थ्रॉटलला व्हॉल्व्हच्या दोन्ही बाजूंना दाब जवळपास सारखाच राहतो, मग उलटं जायचं कारणच उरत नाही. त्या पाइपवर व्हॉल्व्हच्या तोंडाएवढ्याच मापाचा नळीचा तुकडा वेल्ड करून घे, टोकाला उठावदार कडा हवी. जुनी रबरी नळी बूस्टखाली फुगून निसटते, तेव्हा आत कापडाचे थर असलेली सिलिकॉनची घे.

कुणी म्हणेल, व्हॉल्व्हच काढून टाक आणि थ्रॉटलचा स्क्रू वर घे. ऐकू नकोस गं. म्युनिकच्या जानेवारीत सकाळी गाडी सुरू करायची आहे तुला! व्हॉल्व्ह कार्ब क्लीनरने धुऊन घे, मग इग्निशन चालू करून त्यावर बोट ठेव. बारीक थरथर लागली म्हणजे त्याला करंट पोचतोय.

शेवटी टर्बोचं तोंड बंद करून कॉम्प्रेसरने अर्धा बार हवा भर, जास्त नको. नवा गॅस सिलिंडर लावल्यावर आई रेग्युलेटरला साबणाचं पाणी लावून बघते ना, तसंच प्रत्येक सांध्याला लाव. बुडबुडे दिसतील तिथली क्लिप आवळ. ऑइलच्या झाकणापाशी थोडी फुसफुस ऐकू आली तर घाबरू नकोस, ती हवा पिस्टनच्या रिंगांमधून खाली उतरलेली असते.