घास चावण्याचा हिशेब

‘डॉक्टर, एक घास बत्तीस वेळा चावला तर वजन उतरतं ना?’ घोडबंदर, काशिमिरा, भाईंदर या पट्ट्यातले रुग्ण मला हे हमखास विचारतात. च्युइंगगम चघळून चरबी जळते का, हा तरुणांचा प्रश्न. दोन्हींचं उत्तर आज आकड्यांनिशी देतो.

2022 मध्ये इंग्लंडमधल्या मँचेस्टर विद्यापीठाच्या आणि इतर ठिकाणच्या संशोधकांनी 21 जणांना बिनचवीचा, बिनवासाचा गम चघळायला दिला आणि त्यांच्या श्वासावरून शरीराचा ऊर्जाखर्च मोजला. मऊ गम चघळताना तो सुमारे 10 टक्क्यांनी वाढला, कडक गम चघळताना सुमारे 15 टक्क्यांनी. पण स्वस्थ बसलेलं शरीर मिनिटाला जेमतेम एक कॅलरी वापरतं आणि माणूस दिवसभरात साधारण 35 मिनिटंच चावतो. म्हणजे चावण्याचा जादा खर्च दिवसाला चार-पाच कॅलरी. पाव चमचा साखरेत तो भरून निघतो. घास दुप्पट चावला तरी या खर्चाने वजन उतरणार नाही.

आपल्या भाऊबंदांचं तसं नाही. चिंपांझी दिवसाचे सुमारे साडेचार तास चावण्यात घालवतो, ओरांगउटान साडेसहा तासांहून अधिक. घोडबंदर रस्त्याला लागून असलेल्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातली वानरं पानं, कळ्या, फळं खातात. त्यांचं जठर कप्प्याकप्प्यांचं असतं. तिथे सूक्ष्मजीव पानं आंबवतात, म्हणून पोट भरल्यावर ती बराच वेळ बसून राहतात. माकडं मात्र गालातल्या पिशव्यांत खाणं कोंबतात आणि निवांत जागी जाऊन चावतात. दोघांचाही दिवस खाण्याभोवती आखलेला असतो.

माणसाने हे कष्ट आधी दगडी अवजारांवर आणि मग चुलीवर सोपवले. हार्वर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी 2016 मध्ये काढलेला हिशेब सांगतो की, आदिमानवाने आहारातला एक तृतीयांश भाग मांसाचा ठेवून ते कापून आणि कंद ठेचून खाल्ले असतील, तर त्याचं चावणं 17 टक्क्यांनी आणि त्यासाठी लागणारा जोर 26 टक्क्यांनी कमी झाला असेल. ही बचत आपल्या फायद्याची ठरली.

आता मात्र ती फार पुढे गेली आहे. पाव, बिस्किटं, नूडल्स, गोड पेयं यांना दात लागतच नाहीत. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत 2019 मध्ये 20 जणांना दोन आठवडे कारखान्यात तयार झालेलं अतिप्रक्रियायुक्त अन्न दिलं आणि दोन आठवडे साधं अन्न. हवं तितकं खायची मुभा होती. अतिप्रक्रियायुक्त अन्न त्यांनी जास्त वेगाने खाल्लं आणि दिवसाला सुमारे 500 कॅलरी जास्त घेतल्या. चावण्यात चार-पाच कॅलरी जळतात, पण न चावता गिळण्याच्या सवयीने शेकडो पोटात जाऊ शकतात. पोट भरल्याची जाणीव व्हायला साधारण 15 ते 20 मिनिटं लागतात. नीट चावल्याने जेवणाला तेवढा वेळ मिळतो, हा त्याचा खरा लाभ.

म्हणून एवढं करा:

• घास मोजत बसू नका. घास लहान घ्या, तो गिळल्याशिवाय पुढचा घेऊ नका. जेवणाला वीस मिनिटं द्या.

• ताटात दातांना काम देणारं काही रोज असू द्या: तांदळाची किंवा ज्वारीची भाकरी, वालाची किंवा चवळीची उसळ, काकडी, मुळा.

• पेरूचा, संत्र्याचा रस काढू नका, फळच खा. मधुमेह असेल तर हे नक्की पाळा.

• गायमुखच्या कोंडीत गाडीत बसून वडापाव संपवण्यापेक्षा सोबत मूठभर चणे-शेंगदाणे ठेवा. लहान मुलांना मात्र अख्खे दाणे देऊ नका, ते श्वासनलिकेत अडकतात.

• घरातल्या वृद्धांना चावता येत नसेल तर त्यांना नुसत्या चहा-बिस्किटांवर ठेवू नका. मऊ खिचडी, अंडं, काटे काढलेली मासळी, कुस्करलेली उसळ द्या आणि कवळीसाठी दंतवैद्यांना भेटा.

• सुपारी, मावा, गुटखा चघळणं आजच थांबवा. सुपारीने गालाची आतली त्वचा ताठर होते, तोंड उघडेनासं होतं आणि कर्करोगाचा धोका वाढतो.

• उद्यानातल्या वानरा-माकडांना वेफर्स, बिस्किटं घालू नका. त्यांचं खाणं जंगलात आहे. माकड चावलं तर जखम साबण-पाण्याने 15 मिनिटं धुवा आणि रेबीजच्या लसीसाठी लगेच दवाखाना गाठा.

चावताना जबडा दुखत असेल, घास गिळताना अडकत असेल, तोंडातली जखम दोन आठवड्यांत भरत नसेल किंवा तोंडात तीन बोटं उभी मावत नसतील, तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका. त्याच आठवड्यात डॉक्टरांना तोंड दाखवा.