प्रोबेशनवर असताना ऊसतोडीला जाता येईल?

प्रश्न : दारू पिऊन दुचाकी चालवल्याबद्दल न्यायालयाने मला प्रोबेशनवर सोडले आहे. पोहरादेवीहून ऊसतोडीसाठी कोल्हापूरला जाऊ का? – एक वाचक

उत्तर : कायद्यात सरसकट प्रवासबंदी नाही. पण 1958च्या परिवीक्षा (प्रोबेशन) कायद्यानुसार न्यायालय राहण्याचे ठिकाण आणि दारूबंदी अशा अटी घालू शकते. त्यामुळे आधी सुटकेवेळी लिहून दिलेले बंधपत्र वाचा. राहण्याची अट असेल, तर परिवीक्षा अधिकाऱ्यांना भेटून न्यायालयाकडे अट बदलण्याचा अर्ज करा. न सांगता गेलात आणि अट मोडली, तर वॉरंट निघू शकते व मूळ गुन्ह्याची शिक्षा होऊ शकते : पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, 10,000 रुपये दंड किंवा दोन्ही. वाहन परवान्यावर बंदी असेल, तर दुचाकीला हात लावू नका. मुकादमाची उचल घेण्यापूर्वी परवानगी लेखी मिळवा.