पगार कुणाच्या खात्यात जातो?

लोणावळा आणि आसपासच्या मावळात वृद्धाश्रम काढायला फार काही लागत नाही. मुंबईकराचा पडून असलेला बंगला भाड्याने मिळतो, हवा फुकट असते, आणि मुंबई-पुण्याचे नातेवाईक रविवारी येऊन संध्याकाळी परत जाऊ शकतात. मिळत नाहीत ती कामाची माणसं. इथल्या बायका हॉटेलात, चिक्कीच्या कामावर, बंगल्यांवर जातात आणि दिवेलागणीला घरी परततात. अंथरुणाला खिळलेल्या आजोबांची दर दोन तासांनी कूस बदलायची, डायपर बदलायचं, पाठीला जखम होऊ द्यायची नाही, आणि हे दिवसरात्र करायचं, याला कुणी तयार होत नाही. मग माणसं पुरवणाऱ्या ब्युरोला फोन जातो आणि दुसऱ्या दिवशी लोकलने दोन मुली पिशव्या घेऊन हजर होतात.

अशाच एका संस्थेत मी व्यवस्थापक म्हणून रुजू झाले तेव्हा ब्युरोशी करार आधीच झालेला होता. संस्था वाईट नव्हती. जेवण सगळ्यांना एकच असे, म्हाताऱ्यांवर कुणी आवाज चढवत नसे. हे मुद्दाम सांगते, कारण वेठबिगारी म्हटली की आपल्याला वीटभट्टी, कोळशाची भट्टी, ऊसतोड आठवते. २०२२ मध्ये इगतपुरीकडच्या कातकरी कुटुंबांतली मुलं काही शे रुपये आणि एखाद्या मेंढीच्या बदल्यात मेंढपाळांकडे राबायला दिल्याचं उघड झालं, तेव्हा सगळे हळहळले. पण स्वच्छ फरशी, भिंतीवर विठ्ठलाची तसबीर आणि दारात तुळस असलेल्या ठिकाणी असं काही असेल, हे कुणाच्या मनात येत नाही.

माझ्याही लक्षात आलं ते कागदामुळे. सगळ्या मावशींची, म्हणजे म्हाताऱ्यांना सांभाळणाऱ्या बायकांची, असंघटित कामगारांसाठीच्या ई-श्रम पोर्टलवर नोंदणी करावी म्हणून आधार कार्ड, मोबाइल नंबर आणि बँक खातं मागितलं. ब्युरोच्या तिघींनी दिलेला नंबर एकच निघाला. त्यातल्या मराठवाड्यातून आलेल्या मुलीला बाजूला घेऊन विचारलं.

"कार्ड ब्युरोत हाय मॅडम. फिटल्यावर देतेत."

"काय फिटल्यावर?"

"उचल. आईच्या ऑपरेशनला चाळीस हजार दिलते ना त्यांनी."

ती तक्रार करत नव्हती. तिच्या दृष्टीने हिशेब सरळ होता, आणि तो तिने एका छोट्या वहीत लिहूनही ठेवला होता. तिच्यामागे आम्ही ब्युरोला महिन्याला १८,००० रुपये देत होतो. त्यातून कमिशन, गाडीभाडं, युनिफॉर्म आणि 'ट्रेनिंग' कापलं जाई. (ट्रेनिंग दिलं होतं आमच्याच जुन्या मावशींनी, पहिल्या रात्री.) उरलेलं उचलीत वळतं होई. एका पानावर 'खाडा' लिहून तापाचे दोन दिवस मांडले होते आणि प्रत्येक दिवसापुढे ८०० रुपये दंड. म्हणजे एका दिवसाच्या कामाचे ६०० आणि आजारपणाचे उणे ८००. असा हिशेब जन्मात फिटत नाही. तो न फिटण्यासाठीच मांडलेला असतो.

विश्वस्तांपुढे वही ठेवली. एकजण म्हणाले, "अहो, ती स्वतःच्या मर्जीने आली आहे. करारावर अंगठा नाही, चांगली सही आहे." हे वाक्य मी नंतर अनेकांकडून ऐकलं, म्हणून त्याचं उत्तर इथे देते. वेठबिगार पद्धती निर्मूलन कायदा १९७६ चा आहे. त्याने वेठबिगारीचं कर्ज रद्दच ठरवलं आहे. असं कर्ज वसूल करणं हा गुन्हा आहे, आणि ते वेठबिगारीचं नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी पैसे देणाऱ्यावर आहे, मुलीवर नाही. किमान वेतनापेक्षा कमी पैशांत काम करून घेणं म्हणजे सक्तीची मजुरी, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये दिल्लीच्या आशियाई खेळांच्या बांधकामावरील मजुरांच्या खटल्यात सांगितलं. आणि फसवून, आमिष दाखवून माणसाला शोषणासाठी आणलं असेल तर त्याची संमती होती की नव्हती याला अर्थ उरत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम १४३ मध्ये तसं स्पष्ट म्हटलं आहे.

यानंतर जे घडलं ते कुणाच्याही संस्थेत घडू नये. त्याच संध्याकाळी एका विश्वस्तांनी सद्भावनेने ब्युरोवाल्याला फोन करून जाब विचारला. सकाळी सातला फाटकाशी गाडी उभी. "बदली आहे," म्हणत त्याने दोघींना पिशव्या भरायला लावल्या. तिसरी, ती वहीवाली, त्या वेळी एका आजींना आंघोळ घालत होती म्हणून मागे राहिली आणि मी तिला जाऊ दिलं नाही. गेलेल्या दोघींपैकी एकीचा पुढे तळेगावहून फोन आला. दुसरीचा ठावठिकाणा मला लागला नाही.

म्हणून संशय आला की ब्युरोला फोन करायचा नाही. आधी मुलीला सुरक्षित ठेवायचं, तिची वही, पगाराचे व्यवहार, करार यांचे फोटो काढायचे, मग ११२ ला कळवायचं. लोणावळ्यात शहर आणि ग्रामीण अशी दोन पोलीस ठाणी आहेत. हद्दीचा प्रश्न कुणी काढलाच, तर गुन्हा कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो हे ठामपणे सांगायचं. वेठबिगारीचा लेखी अर्ज प्रांताधिकारी किंवा जिल्हाधिकाऱ्यांकडे करायचा. मुक्तता आणि पुनर्वसन त्यांच्या अखत्यारीत येतं. महिलांसाठी १८१, अठराच्या आतल्या मुलांसाठी १०९८, मोफत वकिलासाठी १५१००. हे नंबर मावशींच्या खोलीत लावा. ऑफिसात लावून उपयोग नाही, तिथे ब्युरोवालाच बसलेला असतो.

फाटकाच्या कुलपाबद्दलही बोलायला हवं. स्मृतिभ्रंशाचे पेशंट बाहेर भटकू नयेत म्हणून अशा संस्थांचं फाटक बंद ठेवावंच लागतं. पण त्याच कुलपामागे कामवाल्या मुलीही अडकतात. पावसाळ्यात वाटेवर चिटपाखरू नसतं, मोबाइलची रेंज येते-जाते, किल्ली एकाकडेच असते. आमच्याकडे आता प्रत्येक पाळीतल्या मावशीकडे किल्ली असते. मोबाइल तिचा तिच्याकडेच राहतो. आधार कार्डाची झेरॉक्स तिच्यासमोर काढून मूळ कार्ड लगेच तिच्या हातात दिलं जातं. वयाबद्दल शंका आली तर आधारवर न थांबता शाळा सोडल्याचा दाखला मागतो. नव्या मुलीशी पहिल्या आठवड्यात कुणीतरी एकांतात बोलतं, आणि तिच्या घरी फोन ती स्वतः लावते, आम्ही दिलेल्या नंबरावर नाही.

"घरच्यासारखं ठेवतो" असं म्हणणाऱ्यांपासून मी आता सावध असते. घरच्या माणसाला सुट्टी नसते, जादा कामाचे पैसे नसतात, आणि तक्रार केली तर तो कृतघ्न ठरतो. मावशीला घरचं माणूस करू नका. कामगार म्हणूनच वागवा, त्यात तिचं जास्त भलं आहे. एजंटांच्या जाळ्यात अडकण्याचं हे दुखणं आपल्यापुरतंच आहे असंही नाही. ब्रिटनने २०२२ मध्ये परदेशी केअर वर्करसाठी व्हिसा खुला केला, तेव्हा भारतातूनही लोकांनी एजंटांना लाखो रुपये मोजले. तिथे पोचल्यावर अनेकांना कबूल केलेलं काम मिळालं नाही, आणि व्हिसा मालकाशी बांधलेला असल्यामुळे तोंड उघडता आलं नाही. जुलै २०२५ मध्ये तिथल्या सरकारने ही परदेशातून होणारी भरती थांबवली.

ब्युरो सोडल्यावर आमचं काय झालं, हे सगळे विचारतात. चोवीस तासांची ड्युटी मोडून आठ तासांच्या तीन पाळ्या केल्या आणि रात्री घरापर्यंत गाडी दिली. कार्ला, वेहेरगाव, मळवलीकडच्या बायका यायला लागल्या. माणसं मिळत नव्हती असं नव्हतंच. चोवीस तास राबणारी मिळत नव्हती. खर्च वाढला, महिन्याची फी वाढवावी लागली. दोन कुटुंबांनी कुरकुर करत आपल्या माणसांना दुसरीकडे हलवलं. वहीवाली मुलगी आमच्याकडेच राहिली. तिचा पगार आता तिच्या नावच्या खात्यात जातो.

तो ब्युरो नाव बदलून चालूच आहे, तेव्हा आईवडिलांसाठी जागा बघायला मावळात याल तेव्हा खोलीतून डोंगर दिसतो का, एवढंच बघू नका. ज्या बाईच्या हातून तुमच्या आईला घास भरवला जाणार आहे तिचा पगार कुणाच्या खात्यात जातो, तिचं आधार कार्ड कुणाकडे आहे आणि आठवड्याची सुट्टी कधी, हे व्यवस्थापकाला विचारा आणि जमलं तर त्या बाईलाही एकटीला गाठून विचारा. उत्तर द्यायला टाळाटाळ झाली, तर दुसरी जागा बघा. आणि जाताना १८१ ला फोन करा.