टाकीच्या पाण्यावर नजर ठेवा

माझ्या धाकट्या भावाला जुलाब झालेच नव्हते. ताप येऊन जायचा, उजव्या बरगडीखाली दुखायचं आणि कळ खांद्यापर्यंत चढायची. तो सुरतच्या उधन्यात लूमच्या खात्यात कामाला; सगळ्यांना वाटलं, रात्रपाळीचा थकवा. सोनोग्राफीत यकृतात गळू निघालं. कारण अमीबा. म्हणून लिंबायत, डिंडोली, पांडेसऱ्यातल्या आपल्या खानदेशी मंडळींसाठी हे लिहितोय.

हा अमीबा म्हणजे एन्टामिबा हिस्टॉलिटिका. तो माणसाच्या विष्ठेतून पाण्यात उतरतो, तोही कवच घेऊन. या कवचबंद रूपाला डॉक्टर सिस्ट म्हणतात. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने कॉलऱ्याचे जंतू मरतात, सिस्ट तगून राहते. शुद्धीकरण केंद्रात वाळूतून गाळताना ती बरीचशी अडते. खरा धोका त्यापुढच्या वाटेवर असतो. 1933 मध्ये शिकागोच्या हॉटेलांत सदोष नळजोडण्यांमुळे मैलापाणी पिण्याच्या पाण्यात मिसळलं आणि 98 माणसं गेली.

आमच्या सोसायटीची जमिनीखालची टाकी आणि ड्रेनेजचं चेंबर यांच्यात हातभर अंतर होतं. पावसाळ्यात खाडी फुगली की चेंबर तुंबायचं. भाऊ दवाखान्यात असताना मी ओटी टेस्टचं किट आणलं. परीक्षानळीत पाणी घ्यायचं, औषधाचे थेंब टाकायचे. क्लोरीन असेल तर पाणी पिवळं होतं. रस्त्यावरून येणाऱ्या नळाचं पाणी पिवळं झालं. टाकीचं जसंच्या तसं राहिलं. टाकी उपसली तेव्हा चेंबरकडच्या भिंतीत चीर दिसली, आणि तिच्यातून काळसर ओल झिरपत होती.

पिवळा रंग आला म्हणजे अमीबा नाही, असं मात्र समजू नका. रंग अचानक गेला तर वाटेत घाण शिरल्याची शंका घ्यायची, एवढंच ही चाचणी सांगते. सिस्टवर घरचा भरवशाचा उपाय म्हणजे पाणी खळखळून उकळणं.

केरळात मेंदूज्वर करणारा नेग्लेरिया हा वेगळा अमीबा. तो नाकातून शिरतो, पाणी प्यायल्याने त्याची लागण होत नाही. त्याच्या बातम्यांनी लोक तलावाला घाबरतात आणि सोसायटीच्या टाकीत कुणी डोकावत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

औषधाचंही नीट ऐका. मेट्रोनिडाझोलने गळू बरं होतं, पण आतड्यातल्या सिस्टसाठी डॉक्टर दुसरं औषध देतात. ताप उतरला म्हणून ते टाळू नका. लागण झालेल्या बहुतेकांना काहीच त्रास होत नाही, तरी त्यांच्याकडून इतरांना होते. खाणावळ चालवणाऱ्यांनी शौचानंतर साबणाने हात धुण्यात जराही हयगय करू नये.

पावसाळ्याआधी टाकी उपसून भिंती तपासा. दर आठवड्याला नळ आणि टाकी, दोन्हीकडे ओटी करून वहीत लिहा. टाकीत रंग आला नाही तर भिंत आणि चेंबर बघा. नळालाच नसेल तर महापालिकेच्या झोन ऑफिसला लेखी कळवा. आणि दुरुस्ती होईपर्यंत घरात उकळलेलंच पाणी प्या.